कशाचे रोडगे?

रोडग्यांची कणीक पुरुषांनी मळायची, हा इंद्रभानच्या घरचा कायदा. बायकांनी वांगी चिरावी, वरण टाकावं आणि पुरुषांच्या मळण्याला नावं ठेवावी. त्यामुळे त्या सकाळी इंझोरीच्या शिवारात, बांधावरच्या मारुतीपुढे, सत्तरी ओलांडलेले इंद्रभान धोतर वर खोचून परातीपुढे बसले होते. त्यांचा थोरला मुलगा, नवीन, पुण्याहून आणलेली पँट सांभाळत, मदत केल्यासारखं करत उकिडवा बसला होता. आणि धाकटा किशन, ज्याच्या नवसाचे हे रोडगे, तो कडुनिंबाखाली बाजेवर बसून नुसता बघत होता.

बसवत नव्हतंच त्याला. दोनदा उठला, दोनदा निताने, त्याच्या बायकोने, चुलीपासून डोळे वटारले.

"दोन हात मार ना रे," तुळसाबाई लेकाला म्हणाली. "बुढा बाप घामाघूम होऊन राह्यला अन् तू जवायासारखा बसला!"

"थे नाई मळत, आत्याबाई," निता म्हणाली.

"काहून? टायफाइड जाऊन चार महिने झाले. माह्या माहेरी लोकं टायफाइडातून उठले की आठव्या दिवशी वखर धरत."

"डॉक्टरनं जड काम नको म्हटलं."

"कणीक जड हाय का व?"

एक शब्द बोलली असती तर सगळंच बोलली असती, म्हणून निताने गोवऱ्या रचायला घेतल्या आणि धुराच्या निमित्ताने डोळे पुसून घेतले.

टायफाइड झालाच नव्हता. दिवाळीनंतर धनजला एका विहिरीचं काम चालू असताना किशनच्या छातीत कळ आली आणि ती हातात उतरली. नवीन तेव्हा सुटीवर घरी आला होता. त्याने भाड्याची गाडी केली आणि थेट अकोला गाठलं. हृदयाची नळी बंद होती, डॉक्टरांनी जाळी बसवली, माणूस वाचला. परत येताना गाडीतच नवीनने ठरवून टाकलं की घरी टायफाइड सांगायचं. कारण किशनचं काम. तो देवमनच्या क्रेनवर बसतो. विहीर खोदणारी माणसं लोखंडी बकेटीत उभी राहून खाली जातात आणि दोर वर-खाली करणारा दांडा किशनच्या हातात असतो. हृदयाचं कळलं तर देवमन त्याला क्रेनजवळ फिरकू देणार नव्हता, आणि शेती म्हणाल तर खाण्यापुरती. शिवाय तुळसाबाईचा सख्खा भाऊ असाच छातीला हात लावून गेला होता. हे ऐकून तिने अंथरूणच धरलं असतं. तर असं हे सगळ्यांच्या भल्याचं खोटं होतं, आणि ते चार महिने छान चाललं. गुढीपाडव्यानंतर किशन पुन्हा क्रेनवर बसणार होता.

निताला गाडीत कोणी काही विचारलं नव्हतं. तिने दवाखान्याच्या दारातच मारुतीला सांगून ठेवलं होतं, की माणूस आपल्या पायानं घरी येऊ दे, तुह्यापुढे रोडगे करतो. माणूस आला. आज ती नवस फेडत होती, आणि सकाळीच नवीनने तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "बाबा कशाचे रोडगे म्हणून विचारतीन तवा टायफाइडचे म्हणजो. रामधनबी जेवाले हाय."

रामधन म्हणजे तोच, जो बकेटीतून खाली उतरतो.

*

मुन्ना शिरपूरहून मोटारसायकलवर आला, आल्या आल्या तुळसाबाईच्या पाया पडला आणि कणकेचा गोळा हातात घेऊन वळायला बसला. हा त्याच गेलेल्या भावाचा मुलगा. बाप गेला तेव्हा दहावीत होता; पुढची दोन वर्षं या घरी राहून शिकला. आता विमा विकतो, आणि या घरानं मले माणसात आणलं, हे दर भेटीत इतक्यांदा सांगतो की तुळसाबाईच त्याला "पुरे आता" म्हणते.

त्याला बोलावलं होतं नवीनने.

"माही कंपनी चाकणात होती, तुमाले मालूम हाय," नवीन म्हणाला. "एक दिवस फाटकावर कागद लावला अन् आमची सारी शिफ्ट घरी. माह्याजवळ काई नव्हतं. तवा इथून गहू आले, तूर आली, किशननं क्रेनची कमाई पाठवली. कोनं विचारलं नाई की बाबा परत कधी देशीन. आता मले दुसरी नोकरी लागली, त मी आधी विमा काढला. किशनचाबी काढू म्हटलं. त्याचा हात थांबला त घर थांबते."

"कोन कोनता विमा असते गा?" इंद्रभानने कणीक मळतच विचारलं.

मुन्ना सरसावला. "एक असते माणूस गेल्यावर..."

"थो नको!" तुळसाबाई ओरडली. "रोडग्याच्या दिवशी मरण नको काढू तोंडातून."

"बरं आत्या, नाई काढत. दुसरा, मोठी बिमारी निघाली त एकदम रक्कम. तिसरा, बिमारीनं नाई त अपघातानं काम बंद पडलं, त घरी बसाच्या दिवसात महिन्याले घरखर्चापुरते पैसे. त्याले मुदत असते, जन्मभर नाई."

"घरी बसाचे पैसे? मंग कामाले कोन जाईन बाप्पा?"

"माय, हौसेनं बसणाऱ्याले नाई देत," नवीन हसून म्हणाला. "डॉक्टरनं लिहून द्याव लागते. माह्या विम्यात त नोकरी गेली तरी काही महिने देतात."

"थे पगारदाराले," मुन्ना म्हणाला. "क्रेनवाल्याले कामावरून काढलं, हे लिहून कोन देईन? किशनदादासाठी दुसरा नाई त तिसरा. मी म्हणीन तिसरा."

"मलेबी तिसराच पायजे," किशन बाजेवरून म्हणाला. सगळ्यांनी वळून पाहिलं, कारण सकाळपासून तो एवढं एकच वाक्य बोलला होता. "मी पडलो तवा निता मशीनवर वाकून वाकून ब्लाउज शिवत होती. वयनीनं पैसे पाठवले. तुमी सारे होते म्हणून मी हाय, थे मी इसरत नाई. पण पुन्हा तुमच्यावर वजन टाकाले मले जिवावर येते."

तुळसाबाईने पदर डोळ्याला लावला. मुन्नाने हात धुऊन मोबाइल काढला आणि तो अर्जातले प्रश्न विचारायला लागला. वय, उंची, वजन. तंबाखू?

"खात होतो. सोडली."

"कधी सोडली?" तुळसाबाई चकित. "मी सांगून सांगून थकली, अन् गुपचूप सोडलीबी?"

"अन् दादा, मागच्या काही वर्षात मोठी बिमारी, ऑपरेशन, दवाखान्यात भरती?"

किशनने नवीनकडे पाहिलं.

"टायफाइड," नवीन म्हणाला.

"तेवढंच?"

"तेवढंच."

"मंग त हप्ताबी कमी बसते," मुन्ना खूश झाला. "जेवण झाल्यावर पुरं करून टाकू."

निताच्या हातून गोवरी पडली. ती वांग्यांची टोपली उचलून बोअरकडे चालायला लागली. उज्ज्वलाने, नवीनच्या बायकोने, ते पाहिलं आणि तीही मागोमाग निघाली.

*

या दोघी जावांचं तसं सख्य नव्हतं. भांडण झालं होतं असंही नाही. उज्ज्वला पुण्यात राहते म्हणून निताला वाटायचं ती ताठ आहे, आणि निता गप्प राहते म्हणून उज्ज्वलाला वाटायचं ती मनात ठेवते. वर्षातून दोनदा भेटणाऱ्या बायकांना एवढं पुरतं.

"टायफाइडात छाती दाबून पाह्यते का व कोनी?" उज्ज्वलाने वांगं धुता धुता विचारलं. "किशनभाऊ पायऱ्या चढले की हात छातीवर जाते. काल आली तवापासून पाहून राह्यली मी."

निता हातातलं वांगं चोळत राहिली.

"तुले एक सांगतो. यायची नोकरी गेली तवा यायनं मले दीड महिना सांगतलं नाई. रोज सकाळी डबा घेऊन जात, बागेत बसत, संध्याकाळी घरी येत. मी विचारो, जेवण कसं होतं, त म्हणत, छान. शेजारणीनं बागेत पाह्यलं म्हणून मले समजलं. निता, नोकरी गेल्याचं मले दुःख नाई झालं तेवढं त्या डब्याचं झालं. एकटा माणूस बाकावर बसून गार पोळ्या खाऊन राह्यला, अन् मी घरी मस्त टीव्ही पाहून राह्यली."

"मंग तुमी काय केलं?"

"भांडली. मंग रडली. मंग तुमची तुरीची पोती आली, अन् पोत्यात तू वरून शेवया ठेवल्या होत्या पोराइसाठी. त्या पाहून पुन्हा रडली. तुले कधी बोलली नाई मी हे. बोलाले पायजे होतं."

निता खाली बसली. ओल्या हातांनीच तिने तोंड झाकलं आणि सगळं सांगितलं. अकोला, जाळी, गोळ्या, रात्री नवऱ्याच्या नाकाशी बोटं नेऊन श्वास पाहणं, सगळं. उज्ज्वला ऐकत राहिली आणि मध्येच म्हणाली, "आमचे हे येडे बह्याड हायेत बरं." ते ऐकून निताला रडता रडता हसू आलं.

"मले भेव कायचं वाटते माहीत हाय का, बाई? मारोतीपुढं मी टायफाइड म्हटलं, त नवस फिटन का?"

"अन् विमा?" उज्ज्वला म्हणाली. "थो तरी लागन का?"

*

पळसाच्या पत्रावळी मांडल्या. निखाऱ्यातून रोडगे काढून, राख झटकून टोपल्यात भरले. वासानेच भूक खवळली. रामधन वेळेवर हजर झाला होता आणि येताना मारुतीला नारळ घेऊन आला होता.

इंद्रभान मारुतीसमोर बसले. त्यांच्या हातात पहिला रोडगा होता. तो फोडण्याआधी घरच्या वडीलधाऱ्याने विचारायचं आणि ज्याचा नवस त्याने मोठ्याने सांगायचं, ही त्यांच्या आजापासूनची रीत. म्हाताऱ्याला तशी शंका होतीच. टायफाइडाच्या गोळ्या चार महिने चालत नाहीत, एवढं त्यांना कळत होतं. पण पोरांनी सांगितलं नाही तर आपण उकरू नये, असा त्यांचा स्वभाव. आज मात्र विचारणं भाग होतं.

"कशाचे रोडगे?"

निता पुढे आली. डोक्यावरचा पदर तिने नीट केला, आणि तो हातातच धरून राहिली.

"सांग पोरी."

"मामाजी, टायफाइडचे म्हटलं त माहा नवस फिटत नाई. मी थो बोललीच नव्हती."

"मंग कायचा बोलली होती?" तुळसाबाई म्हणाली.

"निता," नवीन दबक्या आवाजात म्हणाला.

"बोलू द्या तिले," उज्ज्वला म्हणाली, आणि ती दबक्या आवाजात म्हणाली नाही. "मारोतीले एक सांगता, कंपनीले एक, मायले एक. उद्या वेळ आली की कोनतं कोनाले सांगतलं हेच आठवणार नाई तुमाले."

निता किशनकडे पाहत होती. ती सांगू शकली असती, पण ते तिचं नव्हतं, त्याचं होतं.

किशन बाजेवरून उठला. मारुतीकडे पाहून बोलायचं त्याच्या मनात होतं, पण नजर गेली ती रामधनकडे. धनजचा तो दिवस त्याला चार महिने सुटला नव्हता. छातीवर कोणी गुडघा रोवल्यासारखं दुखत होतं, डावा हात गेल्यात जमा होता, आणि डोक्यात एकच होतं की बकेट अजून खाली आहे. ती वर येईपर्यंत त्याने उजव्या हाताने दांडा सोडला नव्हता. त्यानंतरचं त्याला फारसं आठवत नाही.

"हृदयाचं होतं," तो म्हणाला. "जाळी बसोली अकोल्याले. टायफाइड नव्हता. रामधन, तू त्या दिवशी खाली होता."

तुळसाबाई उठली. ती अंथरूण धरील असं ज्यांना वाटत होतं त्यांनी पाहिलं, की तिने आधी नवीनच्या पाठीत राखेने भरलेल्या हाताने एक धपाटा घातला. पँट नाही, पण सदरा गेला. मग ती किशनपुढे जाऊन उभी राहिली आणि त्याच्या छातीवर तळहात ठेवला.

"इथं?"

"हाव माय."

"दुखते का आता?"

"नाई."

"माहा भाऊ गेला तवा त्यालेबी आधी दुखत होतं म्हणे. कोनाले बोलला नाई." तिने मारुतीकडे वळून हात जोडले. "मारोती बाप्पा, माहा लेक ठेवला रे तू!" मग निताकडे वळून म्हणाली, "अन् मी तुले कणकीवरून बोलत होती. मले एक शब्द नाई सांगतला पोरी, एकटीनं ओढलं."

रामधन मात्र पत्रावळीवरून उठून कडुनिंबापाशी जाऊन उभा होता. पाठ सगळ्यांकडे. किशन त्याच्यामागे गेला.

"त्या दिवशी तू मले वर घेतलं," रामधन झाडाकडे पाहत म्हणाला. "बकेट काठाले लावली. मंग खाली बसला. मले वाटलं उपाशी असन म्हणून चक्कर आली. मी तुले चहा पाजला."

"हाव."

"अन् पाडव्यानंतर मले न सांगता पुन्हा बसणार होता?"

"हाव."

"मले दोन पोरी हायेत, किशन." रामधनचा आवाज चढला. "तुह्या भरोशावर मी साठ फूट खाली जातो! दोराकडे पाहत नाई मी कधी, तुह्याकडे पाह्यतो!"

"मी नाई बसत," किशन म्हणाला. "डॉक्टर बस म्हणन तवाच. देवमनले मीच जाऊन सांगतो, उद्याच. चुकलं माहं. पैसा बंद होईन म्हणून भेलो."

रामधन तिथेच उभा राहिला, आणि किशन परत येऊन मुन्नासमोर बसला.

"मुन्ना, थे पुन्हा विचार."

मुन्नाचा चेहरा उतरला होता. बापाचं नाव निघाल्यापासून तो खाली पाहून बसला होता. "दादा, खरं सांगतलं त हप्ता जास्त बसन," तो म्हणाला. "हृदयाचं दुखणं काही वर्षं विम्यात धरणार नाईत कदाचित. कदाचित नाईच म्हणतीन, मंग दुसरीकडे विचारू. पण टायफाइड लिहून घेतला असता अन् तू उद्या पडला असता, त कंपनीनं अकोल्याचे कागद काढले असते अन् तुमाले काई भेटलं नसतं. हप्ते भरत राह्यले असते तुमी, अन् मी इथं रोडगे खात राह्यलो असतो. आता जे भेटन, थे थोडं असन, पण भेटन. हात मोडला, पाय मोडला, दुसरी बिमारी आली, त घर चालन."

"विचार म्हटलं ना."

"मोठी बिमारी, ऑपरेशन, दवाखान्यात भरती?"

"हाव," किशन म्हणाला. "हृदय. जाळी. दिवाळीनंतर." तीन शब्द बोलून त्याने श्वास घेतला, आणि चार महिन्यांत पहिल्यांदा तो खोलवर गेला.

"हप्ता मी भरतो," नवीन म्हणाला. पाठीवर राखेचा पंजा तसाच होता. "वाढला त वाढला. किशन, मी आपलं भलं पाह्यलं रे. पण मी बागेत बसून डबा खाणारा माणूस, मले तेवढीच अक्कल."

उज्ज्वलाने चमकून नवऱ्याकडे पाहिलं. डब्याचं त्याने घरच्यांसमोर कधी काढलं नव्हतं. तिने त्याच्या पत्रावळीवर पाण्याचे थेंब शिंपडले आणि पदराने पुसून दिली.

"भर," किशन म्हणाला. "तू वेळेवर गाडी केली म्हणून हा हप्ता भराले मी हाय, भाऊ. दोन वर्षं तू भर, पुढचे मी."

इंद्रभान तेवढा वेळ पहिला रोडगा हातात धरून बसले होते. तो आता निवला होता. त्यांनी तो दुसऱ्या हातात घेतला, घसा साफ केला आणि जणू मघाशी काही झालंच नाही, असं पुन्हा विचारलं.

"कशाचे रोडगे?"

"माह्या माणसाच्या जिवाचे," निता म्हणाली. मोठ्याने म्हणाली, पार बोअरपर्यंत ऐकू गेलं.

"दोघाइच्या म्हणा, वयनी."

रामधन कडुनिंबापासून परत आला होता. त्याने आपली पत्रावळ ओळीच्या शेवटून उचलली आणि किशनच्या शेजारी आणून मांडली. "त्याच्या हातून दांडा सुटला असता त मीबी नव्हतो. काका, अर्धे रोडगे माह्या नावाचे म्हणून सांगा मारोतीले. माह्या घरून नवस राह्यला होता थो, मले माहीतच नव्हतं."

मग खाली बसत तो किशनला म्हणाला, "अन् देवमनकडे उद्या मी येतो संग. एकटा जाऊ नको."

इंद्रभानने रोडगा फोडला. मारुतीपुढे चतकोर ठेवला आणि उरलेला या दोघांच्या पत्रावळींवर वाटून दिला. किशनने मान खाली घातली आणि रामधनच्या गुडघ्यावर हात ठेवला. रामधनने तो तसाच राहू दिला.

निता तुपाची चरवी घेऊन आली आणि सवयीने पहिली धार किशनच्या रोडग्यावर सोडायला वाकली.

"अवं अवं, हात आवर!" तुळसाबाई ओरडली. "हृदय हाय त्याचं! त्याले वाटीभर नको वाढू आता. त्याच्या वाटचं रामधनले वाढ."